खूण आणि किल्ली : अंगठ्याच्या ठशाच्या बदललेल्या कार्याविषयी

जुनी खरेदीखते किंवा कर्जरोखे ज्यांनी चाळले आहेत, त्यांना दस्ताच्या अखेरीस येणारे 'निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची' हे शब्द परिचयाचे असतील. अंगठ्याच्या ठशाचा हा प्रघात फार प्राचीन नव्हे. त्यापूर्वीच्या मराठी महजरांतून व वतनपत्रांतून कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी आढळते, आणि इतर धंद्यांचे लोक आपापल्या हत्याराचे चिन्ह काढीत. नांगराचे चित्र कोणालाही काढता येते. सबब त्या चित्रात स्वतःचे असे बळ काहीच नव्हते. त्याचे बळ होते ते ज्या गोतसभेसमोर ते काढले गेले त्या सभेत. निशाणी करणारा कोण, तिचा अर्थ काय, आणि ती करताना त्याला काय सांगण्यात आले होते, हे जाणणारी दहा माणसे हयात असत. निशाणी ही त्यांच्या स्मरणाला दिलेली केवळ एक खुंटी होती.

अंगठ्याचा ठसा ह्या व्यवस्थेत आला तो साक्षीदारांवरील अविश्वासातून. बंगालमधील मुलकी अधिकारी विल्यम हर्शेल ह्याने १८५८ साली जंगीपूर येथे राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारनाम्याच्या पाठीवर संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. पुढे कंत्राटदाराने सही नाकबूल करू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. ठशांतील रेषांचे शास्त्र तेव्हा कोणापाशीच नव्हते. १८७७ साली हुगळी येथे त्याने निवृत्तिवेतन व दस्तनोंदणी ह्यांसाठी बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय स्थापन झाले, आणि ज्या वर्गीकरणपद्धतीला एडवर्ड हेन्रीचे नाव मिळाले तिच्या उभारणीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्या दोन भारतीयांचा वाटा मोठा होता. (श्रेय कोणाच्या नावावर जमा होते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ठशाचे हे सर्व कार्य व्यवहार घडून गेल्यानंतरचे होते. तंटा उद्भवला, एक पक्ष नाकबूल गेला, की दस्त काढावयाचा, तज्ज्ञाने ठसा ताडून पाहावयाचा, आणि न्यायाधीशाने लेखक व साक्षीदार ह्यांच्या जबान्यांसह त्याचे मोल ठरवावयाचे. ठसा ही खूण होती. खुणेने दार उघडत नाही. दार कोणी उघडले होते ते खुणेवरून कळते.

गेल्या दीड दशकात ह्याच ठशाला दुसरे कार्य चिकटले आहे. तो आता किल्ली झाला आहे. यंत्रावर अंगठा ठेवताच धान्याची नोंद होते आणि खात्यातून पैसे निघतात. तंट्याला अवकाश मिळण्यापूर्वीच व्यवहार पुरा होतो. खूण आणि किल्ली ह्यांचे गुणधर्म परस्परविरुद्ध आहेत. खूण जितकी उघड, जितकी कायम, तितकी उत्तम. उलट किल्ली गुप्त असावी लागते, हरवली तर बदलता यावी लागते, आणि कोणत्या दारासाठी ती देत आहोत हे देणाऱ्यास ठाऊक असावे लागते. एकाच अंगठ्यावर ही दोन्ही कार्ये लादल्याने सामान्य माणसाच्या व्यक्तिगत माहितीची जी अवस्था होते, ती एका गावाच्या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल.

हे गाव भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी होय. (नागपूर शहराला लागून असलेली दिघोरी निराळी.) येथे काही असाधारण प्रकार घडला म्हणून ते निवडलेले नाही, वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्याचे ते एक सर्वसाधारण गाव आहे, हेच निवडीचे कारण. सुरक्षिततेविषयीचे बहुतेक लेखन शहरी, एकेका व्यक्तीजवळ स्वतंत्र दूरध्वनी असलेल्या, इंग्रजी सूचना वाचणाऱ्या ग्राहकास गृहीत धरून केलेले असते. त्या गृहीतकांची कसोटी अशाच गावी लागते.

दिघोरीसारख्या गावातील धानउत्पादक कुटुंबाने वर्षभरात आपली ओळख किती ठिकाणी आणि कोणत्या रूपाने द्यावी लागते, ह्याचा हिशेब कोणी सहसा मांडीत नाही. आधारभूत किमतीने धान विकावयाचे तर आधी नोंदणी. तिच्यासाठी सातबारा, आधारपत्र व बँकेचे पासबुक ह्यांच्या झेरॉक्स प्रती. चुकारे खात्यात जमा व्हावयाचे म्हणून खाते आधारशी जोडलेले. रास्त भाव दुकानात दरमहा ई-पॉस यंत्रावर अंगठा. २०१९ पासूनच्या केंद्राच्या किसान सन्मान निधीसाठी आणि २०२३ पासूनच्या राज्याच्या निधीसाठी ओळखीची यंत्राद्वारे पडताळणी; २०२४ साली आलेल्या 'माझी लाडकी बहीण' योजनेसाठी घरातील स्त्रीची पुन्हा स्वतंत्र नोंदणी. शिवाय पीकविमा आणि रोजगार हमी ही आहेतच. ह्यांतील प्रत्येक मागणी एकटी पाहिली तर वाजवी असते. परंतु त्यांची बेरीज केली असता असे दिसते की, ज्या कुटुंबाच्या खात्यात फार थोडी रक्कम असते त्याच कुटुंबाला आपली ओळख सर्वांत अधिक वेळा, सर्वांत अधिक हातांत द्यावी लागते. मोठ्या शहरातील नोकरदाराचा अंगठा वर्षातून एखाद्या वेळी यंत्रावर पडत असेल. दिघोरीच्या मजूर स्त्रीचा तो दरमहा पडतो.

आधार क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. ज्याच्यापाशी जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, त्याला 'मी अमुक' असे म्हणण्याचे साधन मिळावे, हा तिचा घोषित उद्देश होता, आणि तो पुष्कळ अंशी सफल झाला हे नाकारणे अन्यायाचे होईल. आधारशी जोडलेल्या खात्यातून बोटाच्या ठशावर पैसे काढण्याची पद्धती, जी 'एईपीएस' ह्या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते, ती ह्याच पायावर उभी राहिली. ज्या गावात बँकेची शाखा नाही तेथे बँक मित्राच्या लहानशा यंत्रावर पैसे मिळू लागले. तालुक्याच्या खेपा वाचल्या, एक दिवसाची मजुरी वाचली. ही सोय खरी आहे. तिच्यावरील कोणतीही टीका ही गोष्ट मान्य करूनच करावी लागेल.

आता त्या व्यवहाराची घडण पाहू. पैसे काढण्यास तीन गोष्टी लागतात : बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. गुप्त अंक लागत नाही, कार्ड लागत नाही, दूरध्वनीवर येणारा सांकेतिक अंकही लागत नाही. एका व्यवहारास साधारणतः १०,००० रुपयांची मर्यादा असते. बँक मित्राच्या यंत्राने घेतलेला ठसा सांकेतिक रूपात बँकांच्या सामाईक जाळ्यातून आधार प्राधिकरणाकडे जातो. तेथे तो साठवलेल्या ठशाशी ताडला जातो आणि उत्तर येते : 'होय' किंवा 'नाही'. 'होय' आल्यास बँक खात्यातून रक्कम वजा करते.

सर्व विवेचनाची मेख ह्या 'होय'मध्ये आहे. प्राधिकरणास विचारलेला प्रश्न असा असतो की, हा ठसा ह्या क्रमांकाच्या व्यक्तीचा आहे काय. त्याचे उत्तर ते प्रामाणिकपणे देते. परंतु बँक त्या उत्तराचा अर्थ लावते तो निराळाच : ह्या व्यक्तीने ही रक्कम काढण्यास संमती दिली आहे. ओळख आणि संमती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. गोतसभेतील नांगराच्या निशाणीने त्या दोन्ही एकदम सिद्ध होत, कारण सभेने व्यवहार ऐकलेला असे. नोंदलेल्या दस्ताच्या बाबतीतही मजकूर वाचून दाखविला, समजला व कबूल आहे, असे कलम अंगठ्याच्या वर लिहिलेले असते. यंत्रावरील अंगठ्याच्या वर काहीच लिहिलेले नसते. यंत्राच्या पडद्यावर जे असते ते यंत्र चालविणाऱ्याच्या तोंडाकडे असते, अंगठा ठेवणाऱ्याच्या नव्हे.

ह्यातून फसवणुकीचे दोन मार्ग निघतात. पहिला शास्त्रीयदृष्ट्या चमत्कारिक म्हणून त्याची चर्चा अधिक होते. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातील त्सुतोमु मात्सुमोतो व त्यांचे सहकारी ह्यांनी २००२ साली, खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनपासून कृत्रिम बोट तयार करून दाखविले. काचेवर राहिलेल्या ठशावरूनही असे बोट करता येते, हे त्यांनी सिद्ध केले, आणि त्यांनी तपासलेल्या अकरा प्रकारच्या यंत्रांनी ते मोठ्या प्रमाणावर खरे मानले. तेव्हा हा प्रयोगशाळेतील प्रकार होता. २०१८ साली तो तेलंगणात, गोदावरीकाठच्या पेद्दपल्ली जिल्ह्यात बाजारात उतरला. दूरध्वनीची सिमकार्डे विकणाऱ्या एका इसमाने जमिनीच्या नोंदलेल्या दस्तांच्या प्रतींवरून लोकांचे ठसे उचलून त्यांच्या रबरी प्रतिकृती बनविल्या, आणि हजारो सिमकार्डे त्यांच्या नावे चालू केली. २०२३ साली कर्नाटकातही दस्तनोंदणीच्या प्रतींवरील ठसे वापरून खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार उघडकीस आले.

ठसा जमिनीच्या दस्तावरून उचलला जावा, ह्यात योगायोग नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये २००१ साली घातलेल्या कलम ३२-अ नुसार दस्त सादर करणाऱ्याने आपले छायाचित्र व बोटांचे ठसे त्यास जोडावयाचे असतात. आणि त्याच अधिनियमाच्या कलम ५७ अन्वये स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक कोणासही फी भरून पाहता येते व त्याची प्रत मिळते. दोन्ही कलमे आपापल्या जागी सयुक्तिक आहेत. पहिले तोतयेगिरी रोखते. दुसरे खरेदीदारास मालकीची चौकशी करू देते. ठसा जोवर केवळ खूण होता तोवर त्यांच्यात विरोध नव्हता. किंबहुना खूण सार्वजनिक असणे हेच इष्ट होते. ठसा किल्ली झाला त्या दिवशी, कायद्याचे एक अक्षरही न बदलता, दुय्यम निबंधकाचे दप्तर हे किल्ल्यांचे उघडे कपाट झाले. दस्तात पक्षकाराचा आधार क्रमांकही लिहिलेला असला तर तीनपैकी दोन गोष्टी एकाच कागदावर मिळतात, आणि उरलेली तिसरी, बँकेचे नाव, अंदाजाने शोधता येते. पुढे काही राज्यांनी प्रतींवरील ठसे झाकून देण्यास प्रारंभ केला. तो योग्यच आहे, परंतु तत्पूर्वी दिल्या गेलेल्या प्रती परत येत नाहीत. अमेरिकेच्या शासकीय कर्मचारी कार्यालयातून २०१५ साली सुमारे ५६ लक्ष लोकांचे ठसे चोरीस गेल्याचे जाहीर झाले. त्या लोकांना नवा परवलीचा शब्द देणे शक्य होते, नवी बोटे देणे कोणाच्याही हाती नव्हते.

दुसरा मार्ग ह्याहून पुष्कळ साधा आहे, म्हणूनच अधिक विचारार्ह. त्यासाठी जिलेटिन लागत नाही. उदाहरणादाखल, रोवणीच्या हंगामात महिनाभर बांधीतील चिखलात पऱ्हे लावणाऱ्या एखाद्या मजूर स्त्रीची कल्पना करावी. तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, कातडी भेगाळलेली असते. यंत्र तिचा अंगठा पहिल्या खेपेस ओळखीत नाही. चालक म्हणतो, 'पुन्हा ठेवा'. मग दुसरे बोट, मग तिसरे. ह्या वारंवारतेची तिला सवय झालेली असते, कारण रास्त भाव दुकानातही तेच घडते. अशा वेळी एखाद्या खेपेस यंत्राने 'होय' म्हटलेले असूनही चालकाने 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' असे सांगितले, तर तिला ते खोटे ठरविण्याचे कोणतेही साधन नाही. किंवा हजार रुपये मागितले असता यंत्रात तीन हजार लिहिले गेले, तरी अंगठा तोच लागतो. येथे ठशाची नक्कल झालेली नाही, यंत्रात शिरकाव झालेला नाही, सांकेतिक लिपी फुटलेली नाही. तांत्रिक अर्थाने सर्व काही सुरक्षित आहे. आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, बोट जिवंत माणसाचे आहे की कृत्रिम, हे ओळखण्याची सुधारित रीत लागू केल्याचे जाहीर केले. तिने पहिला मार्ग अरुंद होतो. दुसऱ्या मार्गात बोट जिवंतच असते.

बहुसंख्य बँक मित्र व सेवा केंद्रचालक प्रामाणिक असतात, आणि तुटपुंज्या दलालीवर ते गावाचे मोठे काम करतात, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. प्रश्न त्यांच्या शीलाचा नाही. एका पक्षाच्या शीलावाचून दुसऱ्या पक्षास कोणताच आधार उरू नये, अशी व्यवस्थेची रचना आहे, हा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये अशा केंद्रचालकांची पारख व त्यांच्या व्यवहारांवर देखरेख ह्यांविषयी बँकांना निर्देश दिले व ते १ जानेवारी २०२६ पासून लागू केले. म्हणजे दोष कोठे आहे ह्याची जाणीव नियामकास झालेली दिसते.

अंगठ्याच्या उणिवेवर उतारा म्हणून दूरध्वनीवरील सांकेतिक अंक, म्हणजे ओटीपी, सुचविला जातो. तो पुष्कळ चांगला उतारा आहे. पण तोही एका गृहीतकावर उभा आहे. ते गृहीतक असे की, दूरध्वनीचा क्रमांक, तो यंत्र बाळगणारा मनुष्य, आणि खातेदार हे तिन्ही एकच आहेत. धानपट्ट्यातील घरांत हे समीकरण वारंवार मोडते. घरात चालू दूरध्वनी एक, तो मुलाजवळ, आणि मुलगा कामासाठी नागपूर वा पुण्यास. काही ठिकाणी आधार काढताना ज्याचा क्रमांक सोयीने दिला तो शेजाऱ्याचा वा दुकानदाराचा. पैसे न भरल्याने बंद पडलेला क्रमांक काही अवधीनंतर दूरध्वनी कंपनी दुसऱ्या ग्राहकास देऊ शकते. मग बँकेचा संदेश कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. २०२५ च्या सप्टेंबरात 'लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना ओळख पडताळणी बंधनकारक करण्यात आली, तेव्हा स्त्रीच्या आधारवरील संकेतांकाबरोबर पतीच्या किंवा पित्याच्या आधारवरील संकेतांकही मागितला गेला. ज्यांचे पती व पिता दोघेही हयात नव्हते त्यांची अडचण उघड होती. तितकी उघड नसलेली गोष्ट ही की, जी स्त्री हे काम केंद्रावर जाऊन करवून घेते तिला संकेतांक मोठ्याने उच्चारून दुसऱ्यास सांगावाच लागतो. त्याच काळात योजनेच्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली.

'ओटीपी कोणासही सांगू नका' हा उपदेश बँकेच्या भिंतीवर लिहिलेला असतो, आणि तो अगदी बरोबर आहे. परंतु शासनाचा लाभ मिळविण्याची प्रत्यक्ष वाट तो सांगण्यावरूनच जाते. एकाच आठवड्यात एकाच माणसाला सरकारी कामासाठी संकेतांक सांगावयास लावणे आणि तो न सांगण्याबद्दल ताकीद देणे, ह्यातून सावधपणा उत्पन्न होत नाही. उत्पन्न होते ती मागणाऱ्याचा चेहरा पाहून निर्णय घेण्याची सवय; आणि ठगाचा चेहरा नेहमीच विश्वासार्ह असतो.

आधार प्राधिकरणाने एक चांगले साधन उपलब्ध केले आहे. कोणासही आपल्या ठशांना कुलूप लावता येते. कुलूप असेपर्यंत त्या ठशांवर कोणताही व्यवहार होत नाही, आणि गरजेपुरते ते थोडा वेळ उघडता येते. शहरी वाचकाने हे कुलूप आजच लावून टाकावे, कारण त्याचे त्यावाचून काहीही अडत नाही. पण हेच कुलूप दिघोरीच्या शिधापत्रिकाधारक स्त्रीने लावले तर रास्त भाव दुकानातही तिचा अंगठा चालणार नाही. प्रत्येक वेळी ते उघडण्यास नोंदलेला दूरध्वनी लागतो, म्हणजे पुन्हा नागपूरला गेलेला मुलगा. ज्याला धोका सर्वांत कमी त्याला कुलूप सर्वांत सोपे, आणि ज्याला धोका सर्वांत अधिक त्याला ते जवळजवळ अशक्य. दोष कुलपाचा नव्हे. अन्न, मजुरी आणि बँक ही तीन दारे एकाच किल्लीवर लावल्याचा हा परिणाम आहे. एक दार बंद करावयाचे तर तिन्ही बंद होतात.

नुकसान झाल्यावर ते कोणी सोसावे, ह्या प्रश्नापाशी ही चर्चा कायद्यात शिरते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ह्याचे एक सूत्र घालून दिले. चूक बँकेची असल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेची नव्हे व ग्राहकाचीही नव्हे, तिऱ्हाइताची, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळविले, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास मर्यादित. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. त्याच वर्षी सहकारी बँकांनाही तशाच सूचना देण्यात आल्या. सूत्र उदार होते. मात्र त्याला एक अपवाद होता : ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे, म्हणजे उदाहरणार्थ त्याने आपला गुप्त संकेत दुसऱ्यास दिल्यामुळे, नुकसान झाले असेल तर तो बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच.

'हलगर्जीपणा' ह्या शब्दाची छाननी झाली पाहिजे. हलगर्जीपणा म्हणजे दुसरा मार्ग उपलब्ध असता सावधगिरी न बाळगणे. जिला यंत्र वापरता येत नाही, जिच्या नावचा दूरध्वनी तिच्याजवळ नाही, आणि जिला लाभासाठी मध्यस्थाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, तिने मध्यस्थाला अंगठा वा संकेतांक दिला तर तो हलगर्जीपणा होत नाही. ती सेवेची नेमून दिलेली रीत आहे. तसेच 'संदेश मिळाल्यापासून तीन दिवस' ह्या अटीचेही. संदेश मुलाच्या दूरध्वनीवर पोहोचला त्या क्षणापासून दिवस मोजले जातात. आईला नुकसान कळते ते पुढच्या वेळी पासबुक छापून घेताना. कायद्याच्या दृष्टीने तिला माहिती मिळालेली असते, वस्तुतः मिळालेली नसते. असे प्रकरण लढविणाऱ्या वकिलाने सिद्धतेचा भार बँकेवर आहे ह्या तरतुदीवर जोर द्यावा, आणि 'अंगठा तिचाच होता' ह्या उत्तराने ओळख सिद्ध होते, संमती होत नाही, हे दाखवून द्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. त्यातील कलम ६ ची संमतीची व्याख्या वाचण्याजोगी आहे : संमती मुक्त, विवक्षित, माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी. संमती मागण्याची सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळविण्याचा पर्याय त्यात आहे. परंतु दिघोरीच्या दृष्टीने दोन मर्यादा महत्त्वाच्या. एक, शासनाने अनुदान वा लाभ देण्यासाठी विदा वापरणे ह्यास कलम ७ मध्ये वेगळे स्थान असून कलम ६ ची संमती तेथे जशीच्या तशी लागू होत नाही. आणि गावातील बहुतेक देवघेव ह्याच सदरात मोडते. दुसरी अशी की, अधिनियम डिजिटल विदेपुरता आहे. यंत्रात न चढलेली कागदी प्रत त्याच्या कक्षेबाहेर राहते. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या म्हणून बाजूला टाकलेल्या, आणि पुढे पुडी बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आधारपत्राच्या प्रतीविषयी हा कायदा मौन बाळगतो.

त्या प्रतीविषयी मात्र ग्राहकाला स्वतःच काही करता येते, आणि त्यास शिक्षणाची फारशी अट नाही. प्रतीवर आडवी रेघ मारून 'धान नोंदणीसाठी' आणि तारीख एवढे लिहिले की ती प्रत दुसऱ्या कामास सहज वापरता येत नाही. केवळ शेवटचे चार अंक दाखविणारे आधारपत्र प्राधिकरणाकडूनच मिळते. जेथे चालते तेथे तेच द्यावे. बिघडलेली प्रत परत मागून घ्यावी. ज्या खात्यावर चुकारे जमा होतात त्यातील मोठी रक्कम आधारशी न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात वा मुदत ठेवीत हलविणे हा उपाय कंटाळवाणा खरा, पण परिणामकारक आहे. यंत्राने 'नाही' म्हटल्याचे सांगितले गेल्यास पुन्हा बोट ठेवण्यापूर्वी त्या 'नाही'ची चिठ्ठी मागावी, आणि फसवणुकीचा संशय येताच १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. वेळीच कळविल्यास रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता असते. ह्या उपायांपैकी अखेरचा सोडल्यास एकासही नवे तंत्रज्ञान लागत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मात्र चिठ्ठी मागणे हे बोलावयास सोपे आहे. गावात एकच बँक मित्र असेल, आणि तो ओळखीचा, कदाचित नात्यातला असेल, तर चिठ्ठी मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे ठरते. व्यवहारात चिठ्ठी मागितल्यावाचून निघावी ह्यासाठी नियम करणे हाच त्यावरील मार्ग.

ह्या विषयावर क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने फसवणुकीच्या तक्रारी मोजून भागणार नाही, कारण तक्रार करणारा बहुधा आधीच काहीसा जाणकार असतो. त्याऐवजी एका कुटुंबाचा एका वर्षाचा अंगठा मोजावा : तो कोठे कोठे पडला, किती वेळा नाकारला गेला, प्रत्येक वेळी कशासाठी पडतो आहे हे अंगठ्याच्या धन्याला कोणी सांगितले, आणि सांगितले ते खरे होते काय. रोवणी व कापणी ह्या दोन हंगामांतील नकारांची तुलना केली तर रेषांच्या झिजेचा आणि फसवणुकीला मिळणाऱ्या संधीचा संबंध दाखविता येईल. चालकाच्या मेजाची रचनाही टिपून ठेवावी : पडदा कोणाकडे वळलेला आहे, रक्कम मोठ्याने उच्चारली जाते काय, चिठ्ठी कोणत्या भाषेत निघते. किराणा दुकानदाराच्या गल्ल्याजवळ आता लहानशी पेटी ठेवलेली असते; ग्राहकाने पैसे पाठविताच ती रक्कम स्पष्ट मराठीत उच्चारते, जेणेकरून गर्दीतही दुकानदाराची फसगत होऊ नये. बँक मित्राच्या मेजावर अंगठा ठेवणाऱ्या खातेदारासाठी तशी पेटी सहसा आढळत नाही.